तोकमानच्या आईचा पत्ता

दक्षिण कोरियातल्या मोक्पोच्या बंदराकडून चढण चढून वर आलं की आमची गल्ली लागते. माझं केस कापायचं दुकान आणि मा तोकमानचं घर समोरासमोर. तोकमानने आयुष्यभर शहराची बस चालवली. प्रवासी अंगावर आले, दारुडे गाडीत ओकले, पण या माणसाचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. निवृत्तीनंतर मात्र तो चढला, आणि चढवणारी होती त्याची सहा वर्षांची नात, सेबोम.

सेबोमचे आईबाप उल्सानला जहाजं बांधतात, म्हणून पोर आजोळी. जावई चर्चमधला पक्का. पोरीने दर रविवारी चर्चला जायचं, हे त्याने आधीच ठरवून घेतलेलं. तोकमानची बायको ओक्सीम टेकडीवरच्या बौद्ध मठात जाणारी. तोकमान स्वतः कुठेच जात नसे. वर्षातून एकदा आईच्या तिथीला पान मांडायचा आणि फोटोपुढे डोकं टेकायचा, एवढंच. एका घरात हे सगळं सुखाने चाललं होतं, कारण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

यंदा तिथीला त्याची थोरली बहीण मालसून आली होती. मृताला आत येता यावं म्हणून दार किलकिलं ठेवलेलं. फोटोपुढे भात, पेअर आणि म्हातारीच्या आवडीचा तो आंबवलेला मासा, ज्याचा वास माझ्या दुकानापर्यंत येतो. तोकमान गुडघे टेकून वाकला, तेवढ्यात सेबोम फोटोपाशी गेली आणि काळजीने म्हणाली, "पणजी, नरकात जेवायला देत नाहीत का गं?"

मालसूनच्या हातातली वाटी तशीच राहिली. "काय म्हणाली ही?"

"चर्चमधल्या ताई म्हणाल्या. येशूला न मानता मेलं की तिकडेच जातात."

मालसूनने कोट घातला. ओक्सीम "वन्सं, अहो लहान आहे ती" म्हणत मागे धावली. मालसून उंबऱ्यातून गरजली, "माझ्या आईला नरकात घालता आणि वर मासा वाढता? पुन्हा या घरात पाय ठेवला तर नाव बदलेन!"

दुसऱ्या दिवशी तोकमान चर्चच्या पाद्र्याकडे गेला. पाद्री भला माणूस, ओशाळला. "ती ताई कॉलेजातली मुलगी आहे हो, नको तेवढं बोलून गेली. मुलं मोठी झाली की हे विषय आम्ही नीट समजावतो."

"मोठी होईपर्यंत माझी आई कुठे राहणार?" तोकमानने विचारलं. पाद्र्याने त्याला कॉफी दिली.

मग ओक्सीम नातीला मठात घेऊन गेली. तिथली वयस्कर भिक्षुणी खळखळून हसली, पोरीच्या गालाला हात लावून म्हणाली, "नरक कसला? तुझी पणजी पुन्हा जन्मलीसुद्धा असेल. कुणी सांगावं, तूच असशील!"

झालं. भिक्षुणी गंमत करून मोकळी झाली. त्या दिवसापासून सेबोम पणजी झाली. नाष्ट्याला बसली की हाक मारायची, "ए तोकमान, मुळ्याची भाजी संपव. टाकायचं नाही!" तोकमान माझ्याकडे केस कापायला आला तर ही दारात उभी. "मागून बारीक काप रे त्याचे. लहानपणापासून उवा होतात त्याला."

मी हसलो, तर तोकमानने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की वस्तरा खाली ठेवावासा वाटला.

बालवाडीत तिने एका मुलीला सांगितलं की तूही आधी कुणीतरी मेलेली होतीस. ती दिवसभर रडली. संध्याकाळी जावयाचा फोन आला. "बाबा, पोरीला हे काय शिकवताय? यापुढे तिला श्राद्धाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा."

तेव्हा तोकमानचा आवाज चढला. गल्लीने ऐकला. "मी शिकवतोय? अहो जावईबापू, मला कुणी विचारलंय का? तुमच्या ताई माझ्या आईला जाळतात, हिची भिक्षुणी तिला माझ्याच पोटी, नव्हे, माझ्या लेकीच्या पोटी घालते, बहीण माझं तोंड बघत नाही! सगळ्यांना सगळं माहीत! पोरीशी बोलायचं असेल तर म्हणा, 'मी असं मानतो.' आधी 'मी' म्हणा, मग काय ते बोला!"

फोन ठेवला तर सेबोम दारात. या वेळी पणजीचा आवाज नव्हता. "आजोबा, तुम्ही काय मानता?"

तोकमान मला नंतर म्हणाला, "साठी उलटली, हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. भाजीत मीठ विचारतात, गुडघा विचारतात."

नातीला मात्र तो तेव्हा म्हणाला, "मला माहीत नाही गं. आई येते की नाही, खरंच माहीत नाही. पण तिला तो मासा आवडायचा. तो विकत आणताना ती आठवते, म्हणून आणतो."

"बाबांना वाटतं, मेलेलं कुणी येत नसतं."

"वाटू दे. बाबा वाईट नाहीत. आजीपण नाही. नरकाचं म्हणशील, तर मला ते पटत नाही. त्या ताईंना खुशाल पटू दे, पण मेलेल्यांच्या फोटोपुढे बोलायचं नाही. जिवंत माणसांना लागतं."

रविवारी चर्च सुटल्यावर पोरीला घेऊन तो मालसूनकडे गेला, हातात तांदळाच्या वड्या. मालसूनने दार उघडलं, वड्या घेतल्या, पण आत या म्हणाली नाही. उंबऱ्यातच पोरीला विचारलं, "काय गं, माझी आई अजून नरकातच का?"

"ताईंना तसं वाटतं," सेबोम म्हणाली. "भिक्षुणीबाईंना वाटतं ती मी आहे. आजोबांना माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मालसूनने भावाकडे पाहिलं. मग पोरीकडे. "मला वाटतं," ती हळूच म्हणाली, "ती कुठेही असो, माझ्यावर रुसलेलीच असणार. शेवटी शेवटी तिने तो मासा मागितला होता. घरभर वास होतो म्हणून मी नाही आणला."

ती उंबऱ्यावरच खाली बसली. तोकमान तिच्याशेजारी बसला. त्याला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. सेबोमने वड्यांचा डबा उघडला आणि कुणी हो म्हणायच्या आत खायला लागली.

मालसून पुढच्या तिथीला येईल की नाही, तोकमानला खात्री नाही. जावई अजून कुरकुरतो. त्या दिवशी परत येताना बंदरापाशी इंडोनेशियाचे खलाशी चटई टाकून नमाज पढत होते. सेबोम थांबली. "आजोबा, हे कुणाला वाकतायत?"

तोकमानने कपाळाला हात लावला. "देवा!" तो म्हणाला.

"कुठल्या?" तिने विचारलं.