रेषेपलीकडची टाच

गोंडपिपरीच्या आमच्या कबड्डी क्लबाचा वार्षिक सत्कार समारंभ असला, की लहानूभाऊ रामटेके शेवटच्या रांगेत बसायचे. निवेदकाने त्यांचं नाव पुकारलं की जागेवरूनच ओरडायचे, "पुढचं नाव घे बापा, मी जेवाले आलो!" सगळे हसायचे. एवढा मोठा खेळाडू आणि किती साधा, असं पाहुणे एकमेकांना सांगायचे. वीस-बावीस वर्षं त्यांनी ना शाल घेतली, ना नारळ. जेवायचे मात्र पोटभर, आणि बुंदी दोनदा मागायचे.

आमच्या समारंभाची एक पद्धत आहे. फलकावर 'खेळाडूंचा सत्कार व स्नेहभोजन' असं लिहिलेलं असतं; पण आधी पाहुण्यांचा सत्कार होतो, मग पाहुण्यांना आणणाऱ्यांचा, मग मंडपवाल्याचा. एका वर्षी राज्य पातळीवर धावून आलेल्या मुलीची पाळी येईपर्यंत शाली संपल्या. अध्यक्षांनी स्वतःच्या खांद्यावरची काढून तिला दिली, आणि त्या औदार्याबद्दल अध्यक्षांसाठी टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मी शाळेत मास्तर आणि क्लबाचा सचिव. शाली आणायचं काम माझंच होतं.

या सगळ्या थाटाच्या मुळाशी एक चषक आहे. लहानूभाऊंनी ऐन उमेदीत मुलचेऱ्याच्या संघाविरुद्ध अंतिम सामन्यात शेवटची चढाई केली, दोन गडी टिपून परतले आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. त्यानंतर क्लबाने नाव घेण्यासारखं काही जिंकलं नाही. त्यामुळे दरवर्षी तो चषक कपाटातून निघतो, टेबलावर बसून भाषणं ऐकतो आणि परत कपाटात जातो. त्या सामन्याला रेषापंच बाहेरगावचा यायचा होता. तो आला नाही, म्हणून रेषेवर मी उभा राहिलो.

लहानूभाऊ एसटीत वाहक होते. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवायचे. त्यांचं सगळं शिकवणं एवढंच होतं: "पाय गेला तं गेला. पंचाकडं नोको पाहू, आपल्या पायाकडं पाह्य अन् हात वर कर." तालुक्याच्या अंतिम सामन्यात पायल नावाच्या मुलीने, कुणी पाहिलेलं नसताना, खरंच हात वर केला आणि बाहेर जाऊन बसली. आम्ही हरलो. अध्यक्ष तापले, "हे असलं काऊन शिकवता भाऊ पोट्ट्यांना?"

"मले जमलं नाई म्हून," लहानूभाऊ म्हणाले.

बाकीच्यांना तो विनय वाटला. मी तसं वाटल्यासारखं दाखवलं.

मुलचेऱ्याच्या बसथांब्यावर सुबल मंडलची चहाची टपरी आहे. त्या सामन्यात हरलेल्या संघाचा कप्तान तो. लहानूभाऊंची गाडी थांब्याला लागली की सुबल ग्लास घेऊन खिडकीशी यायचा, "घ्या चॅम्पियन!" एकदा मी त्या गाडीत होतो. भाऊंनी दोन घोट घेऊन ग्लास परत दिला. गाडी सुटल्यावर ते माझ्याशेजारी टेकले.

"मास्तर, हा मानूस मले च्या पाजते अन् चॅम्पियन म्हणते. माही टाच त्या दिवशी बाहेर टेकली होती. तुमी तं रेषेवरच होते. दिसली नाई तुमाले?"

"धूळ फार होती हो भाऊ."

"सकाळीच मैदानावर पान्याचा टँकर मारला होता मास्तर," ते म्हणाले आणि तिकिटं द्यायला उठले.

टाच मला दिसली होती. रेषेच्या पलीकडे चांगली चार बोटं. पण मला त्याच गावात राहायचं होतं, आणि मैदानाभोवती उभं असलेलं सगळं गाव आमचंच होतं.

निवृत्तीनंतरच्या समारंभात मात्र लहानूभाऊ सत्काराला तयार झाले. अट एकच, मुलचेऱ्याहून सुबलला बोलवा. केवढं मोठं मन, असं म्हणून आम्ही बोलावलं. लहानूभाऊ व्यासपीठावर आले, खांद्यावरची शाल काढून त्यांनी सुबलच्या खांद्यावर टाकली आणि माइक धरला. "हा कप सुबलच्या संघाचा हाय. मी बाद होतो. हात वर कराले पाह्यजे होता, केला नाई. इतकी वर्षं तुमचं जेवण जेवलो, आता पचत नाई. रेषापंच इथीच बसला हाय, त्याले विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हणालो, "फार जुनी गोष्ट आहे. भाऊंचा विनय आपण जाणतोच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष म्हणाले, "यालाच म्हणतात खिलाडूवृत्ती!" आणि चषक, ती गावाची अस्मिता असल्यामुळे, जेवणाआधीच कपाटात गेला. लहानूभाऊ माझ्याकडे बघतही नव्हते.

जेवताना सुबल त्यांना म्हणाला, "भाऊ, मले माहीत होतं. मी तं समोरच होतो ना."

लहानूभाऊंचा घास हातातच राहिला. "मंग इतके दिवस चॅम्पियन काऊन म्हणत होता?"

"तुमी कधी सांगता, पाहून राह्यलो होतो."

लहानूभाऊ आधी हसले, मग रडले, मग त्यांनी बुंदी मागितली. त्या दिवशी तिसऱ्यांदाही मागितली.

पुढच्या थंडीत ते गेले. अंत्यविधीला क्लबाने शाल पाठवली. या वेळी त्यांना नको म्हणता आलं नाही. मग त्यांच्या स्मरणार्थ खिलाडूवृत्ती पुरस्कार ठरला. पहिला मानकरी कोण, यावर बैठकीत फार चर्चा झाली नाही. इतक्या वर्षांची निःस्पृह सेवा म्हणून माझं नाव निघालं. मी एकदा नको म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

समारंभात टेबलावर तोच चषक होता. पहिल्या रांगेत पायल बसली होती, तिच्याशेजारी सुबल. हात वर करायची तीच वेळ होती, आणि खरं सांगतो, माझ्या मनात आलंही. पण एका हातात नारळ होता, दुसऱ्यात स्मृतिचिन्ह. मी आभार मानून खाली उतरलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि फोटो तर फारच छान आला.

जेवणाच्या रांगेत सुबल माझ्यामागे येऊन उभा राहिला. माझ्या खांद्यावरची घसरलेली शाल त्याने नीट केली.

"या कधी मुलचेऱ्याले," तो म्हणाला. "च्या पाजतो, चॅम्पियन."