आईच्या बांगड्यांची ज्वारी

बाप गेला त्याच्या दहाव्याला नदीत आईच्या बांगड्या फोडल्या. एरवी असले तुकडे पाण्याबरोबर जातात. त्या साली मांजरा कोरडी ठाक, ते वाळूतच पडून राहिले. मी शाळकरी पोर, परकराच्या ओच्यात गोळा करून आणले. शेतात हिरवं औषधालाही नव्हतं. म्हणून खोक्याच्या फळीवर बाभळीच्या डिंकानं मी त्या हिरव्या काचांची ज्वारी चिकटवली, कणसांसकट. आईनं तुकडे ओळखले. एक तिरपा बसलेला तेवढा सरळ केला.

चुलतीनं नाक मुरडलं. "कासाराच्या दारातला उकिरडा घरात आणलाय." तिच्या तोंडाला कोण लागणार!

त्याच दिवसांत लातूर जिल्हा झाला. नवे कलेक्टरसाहेब आले, त्यांच्या बाईंनी चैत्रातलं हळदीकुंकू ठेवलं. चुलतीला पुढंपुढं करायची लई हौस, रिकाम्या हातानं कशी जाणार? तिला माझी ज्वारी एकदम आवडायला लागली. आई मला हळूच म्हणाली, "नेऊ दे. मला न्हाई तर न्हाई, माझ्या बांगड्यांना तरी आत घेतील." तिला तेवढंच पाहिजे होतं.

फळी डोक्यावर घेऊन उन्हातानात बंगल्यापर्यंत आईच चालली. फाटकाशी चुलती म्हणाली, "तुम्ही हितंच थांबा, जाऊबाई. सवाष्णींचं काम हाय."

फळी घेऊन चुलतीमागं मी आत गेले. बाईंनी ती गौरीशेजारी मांडली आणि विचारलं, "कुणाच्या हो एवढ्या बांगड्या?"

"माझ्याच," चुलती म्हणाली. "मीच केलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "ठेवलं का आत?"

"ठेवलं की, गौरीपाशी," चुलती म्हणाली. "रांडमुंडीच्या पोरीनं केलं म्हणून सांगू व्हय? माझ्या बांगड्या म्हणलं."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "बरं केलंस. दहाव्याला माझ्या फोडल्या, त्याच त्या. आता देवीपुढं तूच तुझ्या म्हणालीस."

चुलतीनं हातातला चुडा गच्च धरला. परत आत जाऊन फळी मागावी, तर सांगणार काय?

त्या उन्हाळ्यात काका नुसते खोकले तरी तिच्या तोंडचं पाणी पळायचं. ते विहिरीत गाळ काढायला उतरले की ही काठावर बसून. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आणि आई, जिनं कधी कुणाला उलटा शब्द दिला नव्हता, ती रोज भाकरी थापता थापता चुलतीला विचारायची, "हायेत ना गं बांगड्या हातात?"