काका छत्री उचलत तेव्हा

आमच्या चाळीत त्या काळात जेवढी म्हणून मुलं वाढली, ती सगळी एका बहिऱ्या ब्रह्मचाऱ्याच्या देखरेखीखाली वाढली, असं मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघतो. पण ते अगदी खरं आहे. डोंबिवली स्टेशनपासून दहा मिनिटांवर, भातशेतीला लागून आमची दोनमजली चाळ होती आणि वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत हे काका एकटे राहत. ठाण्याच्या एका छापखान्यात ते अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करत. सहाव्या वर्षी तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. सगळी चाळ त्यांना ‘बहिरे काका’ म्हणे, आणि तोंडावर म्हणे, कारण ऐकू कुठे येतंय त्यांना. ते ओठांवरून बोलणं ओळखतात हे कितीतरी दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आलं तेव्हा दोन बायकांनी आठवडाभर त्यांच्यासमोर पदराआडून बोलायची सवय लावून घेतली. मिशीवाल्या पुरुषांचं मात्र काकांना काही कळत नसे. ओठ मिशीखाली गेले की काका हताश होऊन पिशवीतली लहानशी पाटी पुढे करत आणि म्हणत, “लिहा.”

स्वतःच्या आवाजाचा अंदाज त्यांना बिलकुल नव्हता. एरवी बोलत ते बरं, पण कुजबुजायला गेले की घात होई. एकदा जिन्यात त्यांनी खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना बाजूला घेऊन, त्यांच्या अब्रूची काळजी म्हणून, कानात सांगितलं, “तुमचं धोतर मागून फाटलंय.” त्या वेळी रस्त्याने जाणाऱ्या तिघांनी थांबून आपापली धोतरं तपासली होती. तेव्हापासून त्यांचं गुपित ऐकायची वेळ आली की लोक आधी त्यांना खोलीत नेत, खिडकी लावत आणि मग कान पुढे करत.

काकांना रात्रपाळी असे. ते सकाळी परत येत, थोडं झोपत आणि अकराच्या सुमाराला गॅलरीतल्या बाकावर येऊन बसत. बायका धुण्याभांड्याला लागल्या की चाळीतली तान्ही बाळं त्या बाकासमोर दुपट्यांवर ओळीने येऊन पडत. नव्या बिऱ्हाडाला हे बघून धक्का बसे. रडलेलं ऐकू न येणाऱ्या माणसाच्या हवाली मूल करायचं म्हणजे काय? शेजारच्या कोपर गावाहून दूध घेऊन येणारी आजी तर मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “बाप्या मानसाला काय कलतंय गो पोराच्या भुकेचं? त्यात ह्यो बहिरा.” पण काका रडण्याची वाटच बघत नसत. मूल झोपेतून चाळवलं, ओठांची चुळबुळ झाली, गाल चादरीला लागताच तोंड त्या बाजूला वळलं, मूठ तोंडाकडे निघाली, की काका उठत. आता पंचाईत अशी की बाळाला भूक लागली आहे हे त्याच्या तरुण आईला एका परपुरुषाने कसं सांगायचं? काका फार मर्यादशील होते. म्हणून ते खुंटीवरची छत्री घेत, त्या आईच्या दारावर छत्रीच्या दांड्याने दोनदा टकटक करत आणि आभाळाकडे बघत जिना उतरून जात. भर एप्रिलातसुद्धा. आतली बाई समजून जाई, हातातलं काम टाकून बाळाला आत नेई, आणि काका कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत एक फेरी मारून परत येत; तोवर शेजारची एखादी म्हातारी बाकीच्या बाळांकडे बघे. त्यांची टकटक झाली आणि बाळ भुकेलं नव्हतं, असं कधी झाल्याचं मला आठवत नाही.

मी त्या चाळीत आले ती चार महिन्यांच्या मंदाला घेऊन. बाळंतपणानंतर मला हिवताप आला होता आणि माझं दूध कमी पडत होतं, म्हणून डॉक्टरांनी वरच्या दुधाची बाटली सांगितली होती. एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या ह्यांना ऑफिसातल्या कुणीतरी एक इंग्रजी पुस्तिका दिली. तीत लिहिलं होतं की मुलाला दर चार तासांनी पाच औंस दूध द्यावं, अधेमधे देऊ नये, रडलं तर रडू द्यावं, त्याने शिस्त लागते. हे मुळातच शिस्तीचे. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला, टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं आणि ऑफिसला जाताना मला बजावलं, “दहा म्हणजे दहा. पाच औंस म्हणजे पाच औंस.”

मंदा नऊलाच चुळबुळायला लागे. सव्वानऊला मूठ चोखे. साडेनऊला रडे, आणि दहा वाजेपर्यंत रडून इतकी दमे की बाटली तोंडाला लावली तरी दोन घोट घेऊन झोपून जाई. मग तिला उठवून, टाळूवर पाण्याचा हात फिरवून उरलेले औंस संपवायचे. ती मान फिरवी, मी बाटली फिरवलेल्या बाजूला नेई. ती ओठ मिटे, मी बाटलीचं रबरी बोंड हलवून ते उघडायला लावी. पाच औंस संपले की तक्त्यावर बरोबरची खूण करायची, आणि पाचच मिनिटांत त्यातले निम्मे माझ्या पदरावर. वजन वाढायचं सोडून उतरायला लागलं. पुढे पुढे तर नुसती बाटली दिसली तरी ती किंचाळायची. मी स्वयंपाकघरात तोंड धुवायच्या निमित्ताने रडून घेई. ह्यांना सांगायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुस्तिका छापील होती, म्हणून माझाही तिच्यावर विश्वास होता.

ह्या सगळ्या काळात काकांच्या फेऱ्या वाढल्या. एका रविवारी काकांना सुटी होती, आणि सकाळी नऊलाच आमच्या दारावर टकटक झाली. मी घड्याळाकडे बघून बसून राहिले. काका पिंपळापर्यंत जाऊन आले, उघड्या दारातून मंदाकडे बघितलं आणि पुन्हा टकटक करून गेले. असं चार वेळा झालं. हे हातातला पेपर खाली ठेवून म्हणाले, “ह्या गृहस्थांचं पिंपळाखाली काय हरवलंय?” तेव्हा शेजारच्या वहिनींनी हसत हसत त्यांना छत्रीचा अर्थ सांगितला. हे संतापले. “डॉक्टर लोकांनी पुस्तक लिहिलंय आणि मला छापखान्यातला माणूस शिकवणार,” म्हणाले. दहाचा गजर झाला तशी त्यांनी मंदाला स्वतःच मांडीवर घेतलं. तीन औंसांनंतर तिने मान फिरवली. ह्यांनी बाटली पुढे केली. तिने दोन्ही हातांनी ती ढकलली. ह्यांनी तिचे हात धरले.

काका दारातच उभे होते. एरवी कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकणारे काका सरळ आत आले, ह्यांच्या शेजारी वाकले आणि चारचौघांत अपमान नको म्हणून त्यांच्या कानात हळूच म्हणाले, “अहो, तिचं पोट भरलंय. ती नको म्हणतेय. तुम्हाला दिसत कसं नाही?”

काकांचं हळूच बोलणं दोन्ही मजल्यांवर ऐकू गेलं. खाली विहिरीवर भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. समोरच्या बैठ्या घरातला एक म्हातारा बाहेर येऊन कुणाचं पोट भरलंय ते विचारू लागला. हे लाल झाले, उठले आणि काका बाहेर पडल्याबरोबर त्यांनी दार लावून घेतलं. पुढचे चार दिवस आमचं दार लावलेलंच होतं, आणि पाचव्या दिवशी मंदाने बाटलीला तोंड लावायचंच सोडलं. सकाळपासून दुपारपर्यंत थेंब नाही. अंगावरचंही जेमतेम. तिचे डोळे खोल गेल्यासारखे दिसत होते. डॉक्टर संध्याकाळी भेटणार होते. हे ऑफिसला गेले नव्हते. ते घड्याळाकडे बघत, तक्त्याकडे बघत आणि मग मंदाकडे बघत. शेवटी उठले आणि टोकाच्या खोलीकडे गेले. त्यांना चांगली जाड मिशी होती, त्यामुळे पाटीवर लिहावं लागलं. काय लिहिलं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. लिहिलं होतं, ‘चुकलो. येता का?’

काका आले. त्यांनी मंदाला मांडीवर घेतलं आणि बाटली तिला दिसणार नाही अशी मागे ठेवली. मग नुसते बसून राहिले. दूध निवलं, मी ते पुन्हा कोमट करून आणलं, ते पुन्हा निवलं. हे येरझाऱ्या घालत होते. काकांची नजर मंदाच्या तोंडावरून हलली नाही. बऱ्याच वेळाने तिची हनुवटी हलली, जीभ बाहेर आली, तोंड काकांच्या सदऱ्याकडे वळलं. “आता,” काका म्हणाले. त्यांनी बाटली ओठांपाशी नेली आणि तिथेच धरली, आत घातली नाही. मंदाने आपण होऊन ती तोंडात घेतली.

मला रडू आलं. काका मात्र आम्हाला शिकवत होते. “हिची मूठ बघा. भूक असली की घट्ट. आता सैल होत चालली. बघा, बोटं उघडली. ओढणं मंदावलं. आता ती सोडेल.” आणि मंदाने खरंच बाटली सोडली, मान वळवली आणि एक मोठा श्वास घेतला. बाटलीत दोन औंस शिल्लक होते. ह्यांची नजर सवयीने तिकडे गेली. काका म्हणाले, “ते राहू द्या. त्याचा तुम्ही चहा करून घ्या.” आणि ह्यांनी तो निमूट घेतला.

त्यानंतर तक्ता भिंतीवरून उतरला. पण ह्यांचा स्वभाव थोडाच उतरणार? त्यांनी एक वही केली. तिच्यात ‘मूठ सैल’, ‘मान डावीकडे’, ‘ओठ मिटले, पण खेळण्याकडे लक्ष, पुन्हा विचारून पाहावे’ अशा नोंदी असत, आणि रविवारी ती वही काकांना तपासायला दिली जाई. काका छापखान्याच्या सवयीने तीतलं शुद्धलेखनही सुधारून देत. मंदाचं वजन हळूहळू वाढलं. दूधवाल्या आजीने तिच्या मांडीला चिमटा काढून बघितला आणि म्हणाली, “हा, आता भरली पोर,” आणि त्या दिवसापासून तिचा स्वतःचा नातूही बाकासमोरच्या दुपट्यावर येऊन पडू लागला.

मंदा रांगायला लागली तेव्हा एका दुपारी मी काकांना विचारलं की हे सगळं ते शिकले कुठे. ते म्हणाले, “कल्याणला. मी अकरा वर्षांचा होतो. बहिणीच्या वेळी आई गेली. वडील दिवसभर कामावर. गायीचं दूध आणि ते पाजायचं बोंडलं माझ्या हातात.” मग म्हणाले, “एकदा मी पाठमोरा बसून पुस्तक वाचत होतो. शेजारणीने येऊन मला गदागदा हलवलं. म्हणाली, पोर केव्हाची रडतेय. वळून बघितलं तर बहीण काळीनिळी झाली होती. त्यानंतर ती चालायला लागेपर्यंत मी तिच्याकडे पाठ केली नाही.” ती बहीण आता कर्जतला आपल्या संसारात होती, तिला तीन मुलं होती आणि ती काकांना दर महिन्याला पत्र लिही.

मंदा आमच्या पायांशी बसून कुठल्याशा कारणाने रडत होती. काका तिच्याकडे बघत होते. त्यांनी पिशवीतून पाटी काढली. माझे ओठ त्यांना नीट कळत, मला पाटी कधी लागत नसे, म्हणून मला नवल वाटलं. ती माझ्यापुढे करून ते म्हणाले, “वहिनी, एक विचारू? हे रडणं ऐकायला कसं असतं? मी दोन वर्षं बहिणीला वाढवलं, पण तिचा आवाज मला ठाऊक नाही.” आणि या खेपेला ते खरोखरच हळू बोलले होते. मी पेन्सिल घेतली, रडणाऱ्या मंदाकडे बघितलं. मग लिहिलं, ‘विहिरीचा रहाट तेलावाचून फिरतो ना, तसं.’

काकांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. “रहाट मला आठवतो,” ते म्हणाले. “आमच्या परसात होता. कान जायच्या आधी मी रोज पहाटे ऐकायचो.” त्यांनी पाटी पुसली नाही. ती मांडीवर ठेवून, डोळे मिटून ते तसेच बसून राहिले. मी मंदाला उचलून घेतलं, आणि त्यांना ऐकू येणार नव्हतं तरी उगाच तिला लगेच गप्प केलं नाही.