तेल कुठं जाऊन राह्यलं

आईला साखरेचा आजार होता आणि तिच्या इन्सुलिनला थंडावा लागायचा, म्हणून बाबांनी ती गाडी घेतली. एका संस्थेचा जुना फिरता दवाखाना लिलावात निघाला होता. आत झोपायला दोन बाकडी, एक बेसिन, लहानसा फ्रीज आणि मागच्या कप्प्यात डिझेलवर चालणारा जनरेटर. बाबांचं सारं आयुष्य जनरेटर दुरुस्त करण्यात गेलेलं. वरवट बकालला त्यांचं दुकान होतं. लग्नाच्या मांडवातलं असो की कापसाच्या जिनिंगमधलं, इंजिन बंद पडलं की लोक त्यांना न्यायला यायचे. ते दुकान त्यांनी आपल्या शागिर्दाच्या हवाली केलं आणि आईला घेऊन फिरायला निघाले. हिवरा आश्रम, लोणार, एकदा तर पार ओंकारेश्वरापर्यंत. आई गाडीतच पिठलं-भाकर करायची. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसायचे.

तीन वर्षं दोघं अशी फिरली. मग आई गेली आणि गाडी सोनाळ्याला आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. मी इथल्याच शाळेत शिकवते. घरात बाबा आणि मी, दोघंच.

फ्रीजमध्ये ठेवायला आता काही नव्हतं, तरी बाबा रोज सकाळी अर्धा तास जनरेटर चालवायचे. "बसून राह्यलं तर बिघडते," म्हणायचे. मला ते बरंच वाटायचं. आईच्या जाण्यानंतर निदान तेवढ्यासाठी तरी ते अंथरुणातून उठत होते.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते हात पुसत स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "बाई, हे इंजिन तेल खाऊन राह्यलं."

मी बाहेर जाऊन पाहिलं. जनरेटरच्या नळकांड्यातून निळसर धूर निघत होता आणि दोरीवरच्या कपड्यांना जळक्या तेलाचा वास लागला होता.

बाबांनी शोध सुरू केला. आधी इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा अंथरला. दुसऱ्या दिवशी तो कोरडा निघाला. "गळत नाही. म्हंजे जाळून राह्यलं," ते म्हणाले. मग जनरेटरवर भार यावा म्हणून मला त्यावर इस्त्री लावायला सांगितली. इंजिन सुरू होतानाच निळा धूर निघाला तर दोष व्हॉल्व्हकडे असतो, आणि भार दिल्यावर वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतात, हे त्यांनी मला लहानपणी शिकवलं होतं तसंच पुन्हा समजावलं. धूर भार दिल्यावर वाढला. "रिंगा," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी समाधान दिसलं.

अंगणात पोतं पसरून त्यांनी इंजिन खोललं. नव्या रिंगा बसवल्या. चार दिवस लागले. पूर्वी हे काम ते एका दिवसात करत. एकदा हातात पाना धरून ते कितीतरी वेळ नुसतेच उभे होते. मी विचारलं, तर म्हणाले, "हा बोल्ट कसला का नाही कसला, तेच पाहून राह्यलो." वय झालं, मला वाटलं. 

इंजिन जोडून झालं आणि सुरू केलं. धूर होताच. उलट जास्त.

त्या दिवशी शाळेत तपासणी होती. माझ्या एकुलत्या एका इस्त्री केलेल्या साडीला धुराचा वास लागला, फरशीवर काळी पावलं उमटली होती, आणि मी बोलून गेले, "बाबा, तुम्हाला आता हे जमत नाही. सोडून द्या ना."

संध्याकाळी मी घरी आले तर त्यांचं ताट झाकलेलंच होतं. हे वाक्य मी परत घेऊ शकले असते. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, तेव्हा अजून वेळ होता. घेतलं नाही.

त्यांना न विचारता मी शागिर्दाला फोन केला. शागिर्द म्हणायचं, पण तोही आता पंचेचाळिशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेला, तीन मुलींचा बाप. वीस वर्षं तो बाबांच्या हाताखाली होता. जुम्म्याची नमाज झाल्यावर तो आला. बाबांनी त्याला पुठ्ठ्यापासून रिंगांपर्यंत सगळं सांगितलं. त्याने मान हलवत ऐकून घेतलं, मग तेलाची पातळी मोजायची पट्टी ओढून पाहिली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. जाताना फाटकाशी थांबून मला हळूच म्हणाला, "ताई, रविवारी सकाळी घरीच राहा. उस्ताद तेल कवा टाकते, तेवढं फक्त पाहा. त्यायले काही म्हणू नका."

रविवारी मी गाडीच्या पायरीजवळ मेथी निवडत बसले. बाबा सातला आले, डब्यातून मापभर तेल इंजिनात ओतलं, झाकण लावलं आणि चहाला आत गेले. चहा पिऊन आले, पुन्हा डबा उचलला, पुन्हा ओतलं. पट्टी काढून पाहिलीच नाही. आंघोळ करून आले आणि तिसऱ्यांदा झाकण उघडायला लागले.

"बाबा, आताच टाकलं ना तुम्ही."

"कवा?"

"आंघोळीच्या आधी. त्याच्याही आधी एकदा."

त्यांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही बाई," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे तेल खाते ना. टाकाच लागते." आणि ओतलं.

मेथी तशीच ठेवून मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले.

इंजिनातलं तेल एकदा खरंच कमी व्हायला लागलं होतं, पण ते लोणारला असताना. खालच्या बोल्टाचा वॉशर गेला होता आणि बाबांनी तो अर्ध्या तासात बदलला होता. आईने तेव्हा फोनवर मला कौतुकाने सांगितलं होतं. बाबांच्या डोक्यात आता त्यातली काळजी तेवढी उरली होती. दुरुस्ती पुसली गेली होती.

दुसऱ्या दिवशी शागिर्द मोकळा डबा घेऊन आला. बाबा खुर्चीवर बसून पाहत होते. त्याने खालचा बोल्ट सोडला. तेल पडत राहिलं, पडतच राहिलं. मग त्याने मोजून बेताचं नवीन तेल भरलं आणि इंजिन सुरू केलं. आधी राहिलेला धूर निघून गेला, आणि थोड्या वेळाने नळकांड्याचं तोंड स्वच्छ झालं. जास्त झालेलं तेल आत घुसळून वरच्या नळीने हवेच्या वाटेत जात होतं आणि जळत होतं. इंजिनाला काहीच झालं नव्हतं. बाबांनी काढून टाकलेल्या रिंगासुद्धा चांगल्या होत्या.

"उस्ताद, वरची नळी चोक झाली होती," शागिर्द त्यांना सांभाळून घेत म्हणाला. "साफ केली म्या."

बाबा म्हणाले, "नळी म्या साफ केली होती." मग विचारलं, "तेल किती निघालं?"

तो फडक्याने हात पुसू लागला.

"किती निघालं बे?"

"चार लिटर असन, उस्ताद."

"अडीच लिटरचं इंजिन हाय ते."

इंजिन चालू होतं. शागिर्दाने ते बंद केलं. बाबा डब्यातल्या तेलाकडे पाहत होते, कुणाच्याही बिघडलेल्या इंजिनाकडे पाहायचे तसे, एकेक कारण बाद करत. मग ते म्हणाले, "म्हंजे टाकणाराच चुकून राह्यला." आणि जरा वेळाने, "म्याच."

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बिघाड त्यांनी असा स्वतःच शोधून काढला. शागिर्द त्यांच्या पायाशी बसला आणि रडू लागला. बाबांनी त्याच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. "तू काऊन रडतं? तुह्यं निदान बरोबर हाय," ते म्हणाले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा बरा होत नाही, हेही सांगितलं. बाबा परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर पाहत राहिले. शेगाव मागे पडल्यावर म्हणाले, "गाडी कोणाले तरी देऊन टाक. उभी राहून सडन." मधमाश्या पाळणाऱ्या एका माणसाला मी ती दिली. बाबांनी नंतर तिची चौकशी केली नाही.

शागिर्द मात्र त्यांना आठवड्यातून दोनदा वरवटच्या दुकानात न्यायचा. दाराशी खुर्ची टाकायचा. नाव, वार, जेवलो की नाही, यातलं काही बाबांना सांगता येत नसे, पण इंजिनाचा आवाज ऐकून ते अजूनही म्हणायचे, "टॅपेट सैल हाय," आणि ते सैल असायचं. गिऱ्हाईक हसून हात जोडायचे. चार-पाच महिने असे गेले.

यंदाच्या उन्हाळ्यात, ऐन कामाच्या वेळी, दुकानात दोन इंजिनं चालू असताना बाबा एकाएकी उभे राहिले आणि दोन्ही कानांवर हात दाबून ओरडले, "बंद करा हे! काय आवाज हाय हा?"

शागिर्दाने मला नंतर सांगितलं, त्याला आधी वाटलं ते काहीतरी दोष दाखवत आहेत. मग त्याने त्यांचे डोळे पाहिले. त्याने दोन्ही इंजिनं बंद केली, गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, आणि त्यांना हाताला धरून, सावलीसावलीने, रिक्षापर्यंत घेऊन आला. वाटेत बाबांनी त्याला विचारलं, "तुम्ही कोण, भाऊ?"

"तुमचाच माणूस हाव, उस्ताद," तो म्हणाला.

"बरं झालं भेटले," बाबा म्हणाले, आणि घर येईपर्यंत त्यांनी त्याचा हात सोडला नाही.