येळवशीची कोप आणि शेजारचा मांडव

यंदा सोसायटीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम निघालं आणि आमचा मांडव बुडाला. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून पुण्यात आलेले ज्यू. पावसाळा सरता सरता आमचा सुक्कोथ येतो. घराबाहेर झावळ्यांचा मांडव घालून तिथं जेवायचं, आणि तो सजवायचं काम मुलांचं. माझ्या नऊ वर्षांच्या रूथनं सबंध मे महिना घालवून कागदी डाळिंबं, साखळ्या आणि एक दाढीवाला मासा (का, ते विचारू नका) तयार ठेवला होता. बाल्कनीत लटकवू म्हटलं तर बाईसाहेबांचा साफ नकार. डोक्यावर स्लॅब असेल तर तो मांडवच नव्हे. नियम बरोबर होता, त्यामुळे मला वादही घालता येईना. सजावटीचं खोकं कपाटावर गेलं आणि पोरगी कितीतरी दिवस घुमी होऊन बसली.

माझ्या ऑफिसातली संगीता धाराशिव जिल्ह्यातली, येडशीजवळच्या एका गावची. ती म्हणाली, आमच्याकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शेताशेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात आणि सगळं घर तिथंच जेवतं. रूथची डाळिंबं तिथं लावू. वडिलांना विचारलंस का, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

जायचं असेल तर सोपं आहे. स्वारगेटहून बार्शीची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट. बार्शीतून येडशीला जायला तासभर पुरतो. मात्र येळवशीच्या आदल्या दिवशी गाड्यांना प्रचंड गर्दी असते, आरक्षण कराच. रूथनं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टरनं वर ठेवायला सुचवलं, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा पुढच्या सीटकडे वळला. टेंभुर्णीच्या थांब्यावरचा वडापाव टाळा, चहा चालेल. टेंभुर्णी सुटली की ऊस कमी होत जातो आणि ज्वारी दिसू लागते.

दुपारी संगीतासोबत शेतात पोचलो तेव्हा संगीताचे वडील, तात्या, कोप बांधत होते. सत्तरीचा, सडसडीत, फार न बोलणारा माणूस. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ते शेंडे इतके गच्च आवळत होते की आत बोट जाणार नाही. त्यांच्यासारखी कोप शिवारात कुणाची नसते, असं संगीता दोनदा सांगून गेली. रूथनं खोकं उघडून दाखवलं. तात्यांनी एक डाळिंब हातात घेऊन फिरवलं, परत ठेवलं आणि उद्या बघू म्हणाले. हो की नाही, ते मला कळलं नाही. रूथनं मात्र ते होच धरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चुली पेटल्या होत्या. भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हे. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणे, मिळतील त्या भाज्या बेसनात शिजवून केलेला घट्ट प्रकार. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि ताकातली आंबील. सगळं शाकाहारी, त्यामुळे आमच्या खाण्याच्या नियमांचाही प्रश्न आला नाही. आम्ही डोक्यावर टोपल्या घेऊन शेताकडे निघालो. रूथ पुढे पळाली होती.

आम्ही पोचलो आणि पाहतो तर ही उपड्या बादलीवर उभी, आणि पायाशी कडब्याचा ढीग. कोपीच्या माथ्याला चांगलं परातीएवढं भगदाड. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे त्यांचे पांडव, त्यांच्यावर थेट ऊन. पूजा अजून व्हायची होती. संगीताच्या आईनं तोंडावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी देवाच्या जागी बोलावलं आणि माझ्या लेकीनं देवाचं छप्पर उचकटलं. मी तिला धरून खाली उतरवलं.

तात्या आंबिलीचं मडकं घेऊन मागून आले. त्यांनी मडकं ठेवलं, वर पाहिलं.

"का गं माय, का काढलंस?"

"छपरातून तारे दिसले पाहिजेत," रूथ म्हणाली. आवाज रडवेला झाला होता, पण नियम सांगायचा राहिला नाही. "नाहीतर मांडव चालत नाही."

"तुमच्यात न्हाय चालत. आमच्यात देवावर झाकतेत."

एवढं बोलून ते बादलीवर चढले आणि भगदाड बुजवू लागले. त्यांनी घरून नव्या पेंढ्या मागवल्या. रूथ खोकं छातीशी धरून बांधावर जाऊन बसली. खरं सांगते, त्या क्षणी मला दोघांचाही राग आला होता.

कोप पूर्ववत झाली, पूजा झाली, शेतात आंबील शिंपडून झाली. आता जेवायला बसायचं, तर तात्या दिसेनात. ते मागच्या बाजूला होते. रूथनं उपटलेला तोच कडबा घेऊन त्यांनी चार तुराट्यांच्या आधारानं एक बुटकी खोप उभी केली होती. वरून विरळ, आभाळ दिसेल अशी. रूथला हाक मारून त्यांनी विचारलं, एवढी फट पुरंल का. तिनं आत शिरून वर पाहिलं आणि मान हलवली. मग अर्धा तास सजावट चालली. भज्जी निवत होती, पण कुणी घाई केली नाही.

"आता काय करायचं असतंय?" तात्यांनी विचारलं.

"पाहुण्यांना बोलवायचं. आणि जेवायचं. सात दिवस."

तात्या पागोटं सांभाळत, गुडघे मोडून आत शिरले. दोघांची ताटं जेमतेम मावली. मी बाहेर उभी राहून डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी येडशीजवळचं रामलिंगाचं देऊळ पाहिलं. झाडी छान, पण हिवाळ्यात धबधबा नसतो, आणि माकडांपासून पिशव्या जपा. दुपारच्या गाडीनं परत.

घरी आल्यावर हिशेब केला तर प्रवास दगदगीचा, जेवण उत्तम, आणि माझ्या हातून न विचारता पोचण्याची एक मोठी चूक. संगीताला मी तसं सांगितलंही. सजावट तिकडेच राहिली. कडबा म्हणजे गुरांचं पोट, येळवस झाली की कोप मोडून तो गोठ्यात जातो, हे मला ठाऊक होतं. रूथला सांगितलं नव्हतं.

आठवड्यानं सकाळी तात्यांचा फोन आला. रूथला द्या म्हणाले. मी स्पीकर लावला.

"माय, सात दिस झाले. आता उतरवू का?"

रूथनं विचारलं, "तुम्ही जेवलात का तिथे?"

"रोज दुपारची भाकर तितंच खाल्ली की."

"मग उतरवा," रूथ म्हणाली.