नव्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर सगळ्यात शेवटी

मंडळी, आत्ताच सावर्ड्याहून घरी आलोय. पहिलाच मोठा अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझा मित्र अस्लम मस्कतहून सुट्टीवर आलाय. भाचीच्या लग्नासाठी त्याने स्वतः डिझाइन करून तीनशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. आज सकाळी मी पोचलो तर पठ्ठ्या तिकडून आणलेले भारी स्पीकर जोडून स्विच दाबायच्या बेतात! मी त्याचा हातच धरला.

"स्पीकर काढ. आधी मेनच्या वायरीत शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लाव."

"अरे, सगळं तपासलंय मी. पाहुणे यायला लागले!"

"मग बल्बलाही एकदा तपासू दे."

स्विच दाबला. बल्ब भक्कन पेटला आणि तसाच पेटत राहिला. म्हणजे आत शॉर्ट! बल्बने करंट अडवला म्हणून बाकीचं वाचलं. अस्लमचा चेहरा पडला. प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज केले आणि शोधत बसलो. एका आउटपुट ट्रान्झिस्टरखाली इन्सुलेशनसाठी लावलेला अभ्रक स्क्रू आवळताना फाटला होता. तो बदलल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझत आला. मग आउटपुटला मीटर लावून स्पीकर जाळणारा डीसी येत नाही ना ते पाहिलं, बल्ब काढला आणि तेव्हाच स्पीकर जोडले.

दुपारी निकाहाचा शब्द न् शब्द मांडवात शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आला. अस्लम बहिणीशेजारी उभा राहून डोळे पुसत होता.

डिझाइन कितीही बरोबर असो, जोडणीत हात चुकतोच. म्हणून वॅट नंतर मोजा, आधी बल्ब लावा.

तुमचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर सुरू करताना काय झालं होतं? जळला असला तरी बिनधास्त सांगा, इथे प्रत्येकाचा कधी ना कधी जळलाय.