लग्नपत्रिकेला पाडलेली खिडकी

आटपाट पेठ होती, कसबा तिचं नाव. तिथे एक आजी राहायची, ती मी. मुलगा प्रकाश रिक्षा चालवायचा, सून ब्लाउज शिवायची, नात वैशाली चौथीत होती. समोरच्या घरात बशीरभाई राहायचे. किस्से म्हणजे घरातल्या कॅरीबॅगा. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण गादी उचलली की खाली ढीग. आज गादी उचलली आहे, तर ऐका.

*

वैशालीला वाचता यायचं नाही. पाढे तोंडपाठ, आळीत कुणाचा कुकर किती शिट्ट्या करतो तेही पाठ. पुस्तक उघडलं की मात्र गप्प. वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "मार्चमध्ये मोठ्या बाईंसमोर एक पान वाचून दाखवायचं. नाही जमलं तर दाखला घेऊन जा."

मी म्हटलं, "बाई, वाचता मलाही येत नाही. मला कुठे कुणी शाळेतून काढलं?"

"आजी, तुम्ही शाळेत आला होतात कधी?"

मुद्दा बरोबर होता. मी घरी आले.

*

बशीरभाईंनी तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळ रचायची, हे काम. मग छापखान्यात कॉम्प्युटर आला. मालकाने शिसं मोडीत घातलं आणि यांना म्हणाला, "आठवण म्हणून हवं ते न्या." हे खिळ्यांनी भरलेला एक खण घेऊन आले.

त्यांच्या बायकोचं मत पडलं, "लोक रिटायर झाले की घड्याळ आणतात. आमच्याकडे भंगार आलं."

त्या भंगारापुढे मी वैशालीला नेऊन बसवलं. ती म्हणाली, "चाचा, अक्षरं हलतात."

शाळेत यावर उत्तर होतं, "नीट बस, म्हणजे हलणार नाहीत." डोळ्यांच्या डॉक्टरांचं उत्तर होतं, डोळे उत्तम आहेत.

बशीरभाई म्हणाले, "हलणारच. बांधली कुठे आहेत?"

त्यांनी खिळ्यांची एक ओळ रचली, भोवती दोरा करकचून आवळला आणि तिच्या हातात दिली. "हलव आता."

ओळ हलली नाही. पुस्तकाला दोरा कसा बांधणार? तर त्यांनी जुनी लग्नपत्रिका घेतली आणि तिला ओळीएवढी फट पाडली. "ही खिडकी. एका वेळी एकच ओळ बाहेर बघेल. बाकीच्यांनी थांबायचं."

उठताना तिला दोनदा साबणाने हात धुवायला लावले. शिसं होतं ना.

*

दिवसाला एक ओळ, असं चाललं. प्रकाश चिडला. "चाचा, या गतीने मार्च कुठला गाठताय?"

"घाईत मी एकदा दोन पत्रिकांतले नवरे बदलले होते."

"मग?"

"दोन्ही मांडवांतून माणसं आली. तेव्हापासून सावकाश."

प्रकाश रिक्षा घेऊन निघून गेला.

*

मी रोज तिथेच बसायचे, भाजी निवडत. एक दिवस वैशाली एका शब्दावर अडली. खूप वेळ अडली. बशीरभाई सांगत नाहीत, नुसते थांबतात. शेवटी तो शब्द माझ्याच तोंडून निघाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीसुद्धा चमकले.

बशीरभाई म्हणाले, "ताई, मेथी निवडा."

दुसऱ्या दिवशी मला वेगळी खिडकी मिळाली.

*

मार्च आला. मोठ्या बाईंनी पान दिलं, वैशालीने त्यावर खिडकी ठेवली.

"हे चालणार नाही. काढ ते."

वैशाली म्हणाली, "तुम्ही चष्मा काढा बाई, मी हे काढते."

वर्गाच्या बाई छताकडे बघत राहिल्या. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "वाच."

मधली सुट्टी झाली, संपली. वैशालीने पान पुरं केलं, खालचा पानाचा आकडासुद्धा सोडला नाही. दाखला शाळेतच राहिला.

*

आता वैशाली खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधणं हेच काम. ती स्क्रीनवर पुठ्ठ्याची खिडकी धरून बसते. साहेब पहिल्यांदा हसले. मग तिने चुका दाखवल्या, तेव्हापासून नव्या पोरांना तिच्याशेजारी बसवतात.

गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. पत्रिकेचं प्रूफ आलं. प्रकाशने ते बशीरभाईंपुढे धरलं. त्यांनी हातही लावला नाही. "ताईंना द्या."

मी माझी खिडकी काढली. वरच्या ओळीपासून सुरुवात केली. व्याही ताटकळले, चहा गार झाला, प्रकाश दोनदा खाकरला. बशीरभाई नुसते थांबले होते.

शेवटची ओळ झाली. त्यांनी विचारलं, "नवरा बरोबर?"

मी म्हटलं, "थांबा. परत एकदा वाचते."